सांगलीला गेलेला कप

कप घराबाहेर निघायचा, त्या दिवशी सकाळी बनाबाईनं त्याला न्हाऊ घातलं. आधी चिंचेचा कोळ, मग चुलीतली चाळून घेतलेली राख, मग ऊन पाणी. ओसरीत पाटावर बसवून ती त्याचे दोन्ही कान चोळत होती आणि शेजारची साळूबाई उंबऱ्याला टेकून मिश्री लावत बघत होती.

"बना, भांडं घासतीस का नवरदेवाला हळद लावतीस?"

"आक्का, चारचौघांत बसायचंय त्याला आज."

"बसंल की. भांड्याला काय लाज?"

"भांडं न्हवं ते. कप हाय."

"कपाला दोन कान कशाला गं? आमच्या घरात कपाला एकच असतोय. त्यो बी तुटका."

बनाबाई हसली नाही. धडुत्यानं कप पुसून तिनं त्याला हळदकुंकवाची बोटं लावली आणि उन्हात धरला. वीतभर उंचीचा, जर्मन सिल्व्हरचा, पोटावर बारीक इंग्रजी अक्षरं, खाली काळ्या लाकडाची बैठक. तिच्या जालिंदरानं तो पलटणीच्या फुटबॉल सामन्यात मिळवला होता. सगळ्यांत चांगला खेळला म्हणून साहेबानं त्याच्या हातात दिला होता. रजेवर रहिमतपूरला आला तेव्हा अंथरुणाच्या वळकटीत गुंडाळून त्यानं तो आणला आणि आल्या आल्या चुलीपुढं ठेवला.

"आये, ह्यात च्या पी."

"एवढा? म्हशीला पाजू का काय?"

"पी तर खरं. समदी पलटन टाळ्या वाजवत हुती."

"पर दिला कशाबद्दल?"

"खेळलो म्हनून."

"खेळल्याबद्दल एवढं? मंग काम केल्यावर काय देत्यात रं?"

चहा तिनं त्यातूनच प्याला. दोन कान दोन हातांत धरून. अर्धा तोंडात, अर्धा चोळीवर. जालिंदर पोट धरून खाली बसला.

जालिंदर रांगत असतानाच नवरा गेला होता. आल्याचे चार वाफे, एक म्हैस आणि हे पोरगं, एवढ्यावर तिनं दिवस काढले. कुणापुढं हात पसरला नाही. उलट तिच्याच घरातली परात, पाटा, पायली गावभर फिरायची. नेलेली वस्तू नेणारा विसरला तर बनाबाई तोंडानं मागायची नाही. साळूबाई चिडायची, "अगं, तुझी परात त्यांच्या दारात कोंबड्यांच्या फुड पडलीया!" तर ही म्हणायची, "आठवन झाली की देत्याल." एकदा लग्नाच्या घरातून तिचीच कळशी तिला आहेर म्हणून आली, तेव्हाही ती काही बोलली नाही. कळशी घेतली, आत ठेवली, झालं.

त्याच रजेत जालिंदरानं तालमीतल्या पोरांना फुटबॉल शिकवला. नदीकडच्या पडीक जागेत दहा-बारा पैलवान लंगोटावर चेंडूमागं धावायचे आणि चेंडू जवळ आला की सवयीनं समोरच्याच्या कंबरेला मिठी मारायचे. जालिंदर बोंबलायचा, "आरं धरू नगंस! हितं हाताला काम न्हाई!"

ज्ञानू नावाचा त्याचा दोस्त, तालमीतला सगळ्यांत जड गडी, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "हाताला काम न्हाई तर हात काय कापून ठिवू?"

"तू हिकडं ये. ह्या दोन बांबूंच्या मधी हुबा ऱ्हा. तुला हात चालत्यात. आत काय येऊ द्यायचं न्हाई."

"चेंडू?"

"न्हाई, चुलता! चेंडूच की रं!"

असा ज्ञानू गोली झाला. जालिंदर रजा संपवून गेला आणि पासष्ट सालच्या लढाईत, भादव्यात, तार आली. कप कोनाड्यात होता, तिथंच राहिला. दर शनिवारी बनाबाई तो खाली घ्यायची, घासायची, परत ठेवायची.

पुढच्या वर्षीच्या थंडीत हिंदुराव सुभेदार तिच्या ओसरीवर आले. पेन्शनीतले, ताठ पाठीचे, पिळदार मिशीचे. बरोबर ज्ञानू होता.

"वैनी, जालिंदराच्या नावानं सामने भरवायचं ठरलंय. साताऱ्यापासनं सांगलीपतुर संघ येनार."

"चांगलं हाय की."

"आन् फायनल एकदा न्हाई. दोनदा. एक सामना एका गावात, एक दुसऱ्या गावात. दोन्हीकडचे गोल मिळवायचे. ज्याचे जादा, त्यो जिंकला."

"दोनदा का वो?"

"ब्राझील देशात तसंच खेळत्यात. पेपरात वाचलं मी. तिथं देशाच्या कपाची फायनल दोन गावांत हुती. म्हंजे परमुलखात नेऊन हरवलं, असं कुनी म्हनाय नगं."

दाराआडून साळूबाई म्हणाली, "समजलं. एक जेवान नवरीकडं, एक नवऱ्याकडं."

"तसंच म्हना," सुभेदार हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक मागनं हाय, वैनी. कप दुसरा कशाला आनायचा? जालिंदराचाच ठिवू. तुमच्या घरातनं मानानं निघंल, आन् द्यायचा बी तुमच्याच हातानं."

बनाबाईनं डोळ्याची पापणी लवेपर्यंतही विचार केला नाही. "न्या की."

तिला यात विचार करण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. भैरोबाचा चांदीचा मुखवटा तिच्या सासरघरी पिढ्यान्‌पिढ्या असायचा. वर्षातून एकदा जत्रेला तो न्हाऊन, पागोटं बांधून पालखीत बसायचा. गावभर मिरवायचा. सांज झाली की वाजतगाजत परत तिच्याच उंबऱ्यात यायचा. ती भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायची आणि त्याला आत घ्यायची. मान गावाचा, राहणं तिच्या घरी. कपाचंही तसंच होणार, असं तिनं धरलं. टेबलावर बसेल, लोक बघतील, जालिंदराचं नाव निघेल, जिंकेल त्याच्या हातात ती घटकाभर देईल आणि कप घरी येईल. तिला कुणी दुसरं काही सांगितलं नाही. सांगायची गरज कुणाला वाटलीच नाही. जिंकणारा कप घेऊन जातो, हे काय सांगायचं?

फायनलला एका बाजूला रहिमतपूर आलं, दुसऱ्या बाजूला सांगलीचं एक मंडळ. पहिला सामना रहिमतपुरात. सांगलीची पोरं बूट घालून, एकसारखे निळे सदरे घालून उतरली. आपले पैलवान अनवाणी. लोकांनी मात्र कुस्तीच्या फडासारखं मैदान डोक्यावर घेतलं. "लाव टांग!" "आरं चितपट कर त्याला!" बनाबाई लिंबाखाली पोत्यावर बसली होती आणि खेळाकडं नाही, टेबलावरच्या कपाकडं बघत होती. कुणाचा धक्का लागला तर?

रहिमतपूर दोन गोल, सांगली एक. हलगी कडाडली. आणि दुसरा सामना अजून राहिला होता म्हणून, बाकी कशासाठी नाही, सांज झाल्यावर सुभेदारांनी कप तिच्याकडं पाठवून दिला. पोरं वाजवत आली. बनाबाई तुकडा घेऊन दारातच उभी होती.

"आला गं बाई घरला," ती म्हणाली आणि कप कोनाड्यात बसवला.

आठवडा निम्मा गेला आणि ज्ञानू सुतळी घेऊन दारात आला.

"काकू, जरा कप द्या. माप घ्यायचंय."

"कशाचं रं?"

"तालमीत काचंचं कपाट करतोय. मारुतीच्या शेजारी. आयतवारी सांगलीत जिंकलो की कप तितं ठिवायचा."

बनाबाई चुलीपुढं होती. हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहिली. "तालमीत? का? हितं काय गळतंय का त्याला?"

"तसं न्हवं. कप जिंकल त्याचा असतोय, काकू. वरसभर. फुडच्या वर्साला परत खेळायचं, परत जिंकल त्याचा."

"आन् सांगलीवाले जिंकले तर?"

"तर सांगलीला जाईल," ज्ञानू सहज बोलून गेला. मग तिच्या तोंडाकडं बघून घाईघाईनं म्हणाला, "पर जिंकत्यात कवा! एक गोल आपला जादा हाय. आन् गोलात मी हाय की!"

त्यानं माप घेतलं, सुतळीला गाठ मारली आणि गेला. तो गेल्यावर बनाबाई साळूबाईच्या परड्यात जाऊन उभी राहिली.

"आक्का, ती कप न्हेनार हायत."

"कुटं?"

"जिंकल त्यो न्हेनार."

साळूबाईनं शेणाचा हात तसाच धरला. "आन् तुला ठावं नव्हतं?"

"मला वाटलं, मुखवट्यागत."

"देवा रं!" साळूबाईनं हात झटकला. "मंग बसलीस काय? जा, सुभेदाराला सांग, देत न्हाई म्हनून. तुझ्या लेकाचा हाय. आजपतुर परात मागितली न्हाईस, पाटा मागितला न्हाईस. निदान हे तरी माग!"

बनाबाई गेली. डोक्यावरचा पदर नीट करून, वाटेवर वाक्य जुळवत गेली. सुभेदारांच्या सोप्यात चार माणसं बसली होती, साताऱ्याहून आलेली. सुभेदार तिला बघताच उठून उभे राहिले.

"ह्याच त्या! जालिंदराच्या आई! मी सांगत हुतो न्हवं? लेकानं मिळवलेला कप, लेकामागं, गावासाठी दिला! एका शब्दानं, 'न्या की' म्हनाल्या!"

चौघंही उठले. त्यांतला एक म्हातारा तर वाकून तिच्या पायाला हात लावायला गेला. बनाबाई मागं सरली.

"का आल्ता, वैनी? काय काम काढलं?"

वाटेवर जुळवलेलं वाक्य तिच्या ओठांशी आलं होतं. ते तिथंच बसलं.

"काय न्हाई. म्हनलं, सांगलीला कवा निघायचं?"

"तुमी येनार? आवं, यायलाच पायजे!"

परत आल्यावर साळूबाईनं तोंडाकडं बघूनच ओळखलं. "न्हाई ना बोललीस?"

"कसं बोलू? समदी हुबी ऱ्हायली गं."

मग एकच रस्ता उरला. रहिमतपूर जिंकायला हवं होतं. कप तालमीत राहिला तरी गावात राहील. ज्ञानू शनिवारी घासायला आणून देईल. नाही म्हणणार नाही तो. त्या दिवसापासून बनाबाई रोज नदीकडं जायला लागली. जिला कालपर्यंत गोल म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, ती बांधावर बसून पैलवानांना धारेवर धरायला लागली.

"आरं, त्या पोराला पाय हायत का खांब? हालत न्हाई जाग्यावरनं!"

"काकू, दमलोय."

"दमून चालतंय व्हय? सकाळी दूध पिऊन जा माज्याकडनं. ज्ञानू, एक गोल खाल्लास तर काय हुतंय रं?"

"बरोबरी. मंग जादा वेळ खेळायचं."

"आन् दोन खाल्लेस तर?"

"खात न्हाई, काकू."

"इचारतीया ते सांग."

"दोन खाल्ले आन् आपुन एक बी मारला न्हाई, तर गेला."

म्हशीचं दूध उरलेले सगळे दिवस तालमीत गेलं. पोरांना वाटलं, जालिंदराच्या नावासाठी. तिनं वाटू दिलं.

सांगलीला सगळे ट्रकमधून गेले. पोरं मागच्या हौद्यात, बनाबाई आणि साळूबाई पुढं ड्रायव्हरशेजारी, कप बनाबाईच्या मांडीवर लुगड्याच्या धडप्यात. कराडपर्यंत साळूबाई बोलत होती.

सांगलीच्या मैदानाला चहूबाजूंनी दोरी लावलेली, एका अंगाला मांडव, कर्णा. माणूस मावत नव्हतं. सांगलीचा कप्तान जोतिबा नावाचा, काटकुळा, सायकल दुरुस्तीचं दुकान असलेला. सामन्याआधी तो मांडवात येऊन बनाबाईच्या पाया पडला. "मावशी, तुमच्या जालिंदराचं नाव लय ऐकलंय."

"खेळ बाबा," ती म्हणाली. पाया पडणाऱ्याला 'यश येऊ दे' म्हणायची रीत. ते शब्द काही तिच्या तोंडातून निघाले नाहीत.

हाफ टाइमपर्यंत एकही गोल नाही. ज्ञानू बांबूंच्या मधे भिंतीसारखा उभा. चेंडू त्याच्या छातीवर आदळून परत जायचा. दर वेळी बनाबाई साळूबाईचा दंड आवळायची.

"बना, माझा हात हाय त्यो!"

"गप बस गं."

हाफ टाइमनंतर सांगलीनं एक गोल मारला. कोपऱ्यातून आलेला चेंडू, गर्दीत कुणाला दिसलाच नाही. मांडव उसळला. दोन्हीकडचे मिळून आता बरोबरी. बनाबाईनं कपाकडं बघितलं. तो टेबलावर ऊन खात बसला होता.

वेळ संपत आली. उन्हं कलली. सांगलीचा जोतिबा चेंडू घेऊन एकटाच सुटला. ज्ञानू पुढं धावला, दोघं एकमेकांवर आदळले, चेंडू सुटून बाजूला घरंगळला आणि जोतिबा गुडघा धरून मातीत पडला. वेदनेनं ओरडला.

आणि ज्ञानूनं ते केलं, जे तालमीत वाढलेल्या कुणीही केलं असतं. समोरचा गडी दुखापतीनं पडला की झोंबी थांबते. मागं सरायचं, वाकायचं, हात द्यायचा, उठवायचं. पाचव्या-सहाव्या वर्षापासून ते त्याच्या अंगात मुरलेलं. त्यानं चेंडूकडं पाठ केली, वाकला आणि जोतिबाला हात दिला. "लागलं का रं गड्या?"

शिट्टी वाजली नव्हती. मागून सांगलीचा दुसरा पोरगा आला आणि मोकळ्या बांबूंच्या मधून त्यानं चेंडू हळूच आत ढकलला.

अर्ध्यांनी "गोल!" म्हणून टोप्या उडवल्या, अर्धे तसेच उभे राहिले. ज्ञानूच्या हातात अजून जोतिबाचा हात होता. सुभेदार मिशी चावत दोरीपाशी धावले. रेफ्रीनं मान हलवली. गोल म्हणजे गोल.

थोड्या वेळात सामना संपला. कर्ण्यातून बनाबाईचं नाव पुकारलं. "वीरमातेच्या हस्ते..."

साळूबाई तिच्या कानाशी म्हणाली, "सांगू का मी? वरडून सांगू?"

"तोंड उघडलंस तर बघ."

ती उठली. टेबलावरचा कप दोन्ही कानांनी उचलला. जोतिबा लंगडत समोर आला. त्यानं हात पुढं केले, कप धरला, ओढला. कप येईना. त्यानं हसून परत ओढला. बनाबाईची बोटं कानांत अडकून बसली होती. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, "मावशीला सोडवंना!" सगळा मांडव मायेनं हसला. टाळ्या वाजल्या. मग बोटं सुटली.

पोरांनी कप डोक्यावर घेतला, त्यात सोडा ओतून फेर धरून प्याले, गुलाल उधळला. ती बघत उभी राहिली. ट्रक सुटायच्या वेळेला ज्ञानू खालमानेनं तिच्याजवळ आला.

"काकू..."

"उठवायची काय घाई हुती रं तुला?"

"त्यो पडला हुता, काकू."

"पडू द्यायचा."

ज्ञानूनं वर बघितलं. तिनं तोंड फिरवलं. सुभेदार समजुतीनं म्हणाले, "वैनी, मनाला लावून घेऊ नगा. फिरता कप हाय. फुडच्या वर्साला परत मैदानात येनार. तवा जिंकू."

या शब्दावर बनाबाईनं वर्ष काढलं. ज्ञानू तिच्या घरावरून जाईनासा झाला, लांबच्या वाटेनं तालमीत जायचा. ती बोलवायची नाही. थंडी तोंडावर आली, सामन्यांच्या गोष्टी सुरू झाल्या आणि सदुसष्टच्या डिसेंबरात पहाटे कोयनेचा भूकंप झाला. इकडं भिंतींना भेगा गेल्या, सुभेदारांच्या घराची पडवी बसली. खोऱ्यातली माणसं गेली, घरं गेली. अशात फुटबॉल कोण खेळणार? सामने एक वर्षानं पुढं ढकलले. त्या वर्षी सुभेदार आजारी पडले आणि लेकाकडं पुण्याला गेले. त्याच्या पुढच्या वर्षी सामन्यांचं नाव कुणी काढलं नाही. फिरता कप जिथं गेला होता तिथं थांबला.

साळूबाईची लेक सांगलीत दिलेली. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा साळूबाई म्हणाली, "मी चाललीया. तू बी चल. आन् ह्या बारीला माग. नुसतं माग! काय ठिवलंय त्यांनी त्याचं? सामने तर बुडाले."

"मागते," बनाबाई म्हणाली.

येष्टीत ती वाटभर तोंडातल्या तोंडात तेच घोळवत होती. माजा कप द्या. तीनच शब्द. सांगलीच्या स्टँडवर तिनं साळूबाईला थांबवलं. "तू हितंच बस. तुझ्याफुडं मला जमायचं न्हाई."

मंडळाच्या खोलीखालीच जोतिबाचं सायकलचं दुकान होतं. त्यानं तिला लांबूनच ओळखलं. हातातलं चाक सोडून उठला.

"मावशी! तुमी! आरं, एक च्या सांगा रं!"

"च्या नगं. कप बगाय आलीया."

जोतिबानं तेलाचे हात पुसले. मग तिला जिन्यानं वर घेऊन गेला. भिंतीशी काचेचं कपाट. आत ओळीनं कप. बनाबाईनं वाकून बघितलं आणि बोट दाखवलं. "ह्यो."

"न्हाई मावशी, त्यो कॅरमचा. तुमचा मागं हाय."

त्यानं दोन कप बाजूला करून एक काळपटलेला काढला. सदऱ्याच्या बाहीनं पुसला, तिच्या हातात दिला. तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला, फिरवला. परत फिरवला.

"हितं अक्षरं हुती."

"हायत की. वाचू?" त्यानं बोट ठेवून वाचलं, "कैलासवासी जालिंदर स्मृती चषक. विजेते, सांगली."

"ही न्हवं. विंग्रजी. बारीक. माझं बोट धरून वाचून दावायचा त्यो. ही पलटन, हे साल, आन् ह्यो मी, म्हनायचा."

जोतिबानं मान खाली घातली. "ती घासून काढली, मावशी. जागा पुरंना. कोरनारा म्हनला, जुनं काढलं तर नाव मोठं बसंल. आमाला वाटलं, जालिंदराचं नाव मोठं बसावं. वाईट मनानं न्हाई केलं."

"न्हाई बाबा. वाईट मनानं कशाला करशील?"

खाली कुणीतरी घंटी वाजवून बघत होतं. जोतिबा एकदम म्हणाला, "न्या तुमी ह्यो. खरंच. सामने बंद झाले तवाच आनून द्यायचा हुता. लाज वाटत हुती. त्या दिवशी ज्ञानूनं हात दिला म्हनून तर आमी जिंकलो. मी धरून ठिवलं न्हाई त्याला, देवाशप्पत. पर त्यानं हात दिला आन् गोल झाला. न्या, मावशी. मंडळात कुनी न्हाई म्हननार न्हाई."

सगळी वाट तिनं जे शब्द घोळवत आणले होते, ते न बोलताच हवं ते मिळत होतं. कप तिच्या हातातच होता. ज्या जागी अक्षरं होती तिथं तिनं अंगठा फिरवला. गुळगुळीत लागलं. मग तिनं तो जोतिबाच्या हातात परत दिला.

"ऱ्हाऊ दे."

"का वो?"

"माझा लेक जिता असताना त्यानं खेळून आनलेला, त्यो मला न्यायचा हुता. ह्यो त्यो गेल्यावरचा हाय. त्यो हितंच बरा."

जिना उतरताना तिनं विचारलं, "गुडघा बरा हाय का रं?"

"थंडीत दुखतोय जरा."

"तेल लाव."

स्टँडवर साळूबाई गाठोड्यावर बसून वाट बघत होती. रिकामे हात बघून उभीच राहिली. "दिला न्हाई मुडद्यांनी? थांब, मी जाती!"

"देत हुता."

"मंग?"

"वळखू आला न्हाई, आक्का," बनाबाई म्हणाली. "तेवढा घासत हुते मी, आन् वळखूच आला न्हाई." आणि पदर तोंडात कोंबायचंही तिला सुचलं नाही. सांगलीच्या स्टँडवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मधोमध, ती मोठ्यानं रडायला लागली. तार आली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. माणसं थांबली. कंडक्टर खिडकीतून वाकून बघायला लागला. साळूबाईनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि गर्दीवर खेकसली, "काय बगताय वो? चला, निगा आपापल्या वाटंला!"